श्रेष्ठ, पण कोणापेक्षा?

काही वर्षांपूर्वी एका वाङ्मयीन पुरस्काराच्या निवड समितीवर बसण्याचा प्रसंग माझ्यावर आला. समितीपुढे जो छापील तक्ता ठेवला होता त्यात प्रत्येक पुस्तकासमोर चार रकाने होते : साधारण, चांगले, उत्तम, श्रेष्ठ. एका तरुण कवीच्या संग्रहासमोर माझ्या शेजारच्या परीक्षकांनी 'चांगले' ह्या रकान्यात खूण केली आणि शेरा लिहिला की अनुभव दाहक आहे, परंतु कविता श्रेष्ठ काव्याच्या पातळीवर जात नाही. मी विचारले, 'श्रेष्ठ म्हणजे कोणापेक्षा श्रेष्ठ?' ते हसले. म्हणाले, 'अहो, श्रेष्ठ म्हणजे श्रेष्ठ. त्यात कोणापेक्षा काय?'

गृहस्थ सज्जन होते. त्यांच्या उत्तरात कपट नव्हते, आणि म्हणूनच ते उत्तर माझ्या डोक्यातून गेले नाही. माझा प्रश्न त्यांना खोचक वाटला. वास्तविक तो साधा व्याकरणाचा प्रश्न होता. 'श्रेष्ठ' हे मुळात तुलनेचेच रूप आहे, आणि तुलना म्हटली की दुसरा कोणीतरी आलाच. तो दुसरा कुठे गेला, त्याला कोणी गिळला, एवढेच मला विचारायचे होते. ते त्या बैठकीत जमले नाही. ह्या लेखात जमते का पाहतो.

कोणत्याही तुलनेत तीन गोष्टी असतात. 'ही विहीर त्या विहिरीपेक्षा खोल आहे' ह्या वाक्यात जिच्याविषयी बोलायचे ती विहीर, जिच्याशी ताडून पाहायचे ती विहीर, आणि ज्या बाबतीत ताडायचे ती खोली. मराठीत विशेषण जसेच्या तसे राहते. खोल ते खोलच. इंग्रजीत 'डीप'चे 'डीपर' होते, म्हणजे तुलनेचे ओझे विशेषणाच्या पाठीवर पडते. मराठी ते ओझे दुसऱ्या नामावर ठेवते : 'त्या विहिरीपेक्षा'. हा 'पेक्षा' संस्कृतातल्या 'अपेक्षा'पासून आला आहे, आणि अपेक्षा म्हणजे मुळात एखाद्याकडे पाहणे. त्या विहिरीकडे पाहता ही खोल, असे आपले वाक्य आहे. शेजारच्या तेलुगूतही असेच : तिथला 'कंटे' पाहणे ह्या अर्थाच्या 'कनु' धातूपासून आलेला. दुसरी आपली रीत 'हून'ची. 'माझ्याहून मोठा' म्हणजे माझ्यापासून मोजायला लागले तर मोठा. आमच्या आजीच्या तोंडी 'पेक्षा' क्वचितच असे. ती 'त्याच्यापरीस' म्हणायची. कोकणीतही 'परस' आहेच.

निरनिराळ्या भाषांनी ही तुलना किती तऱ्हांनी साधली आहे हे पाहण्यासारखे आहे. लिऑन स्टासन ह्या डच अभ्यासकाने १९८५ मध्ये ११० भाषांचा धांडोळा घेऊन त्यांचे गट पाडले. मराठीचा 'हून' ज्या गटात पडतो, म्हणजे 'पासून' असे सांगून तुलना करणाऱ्या भाषांच्या, तो जगात बराच मोठा आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबात 'तो मोठा आहे, मला ओलांडतो' असे क्रियापदाने सांगतात. आणि ब्राझीलच्या जंगलातल्या हिश्कर्याना भाषेत दोन सरळ वाक्ये शेजारी ठेवतात : अमका उंच नाही, तमका उंच आहे. संपली तुलना.

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आपल्यातले काही उत्साही मित्र लगेच म्हणतील की ज्या भाषेत 'अधिक' आणि 'सर्वाधिक' ह्यांचे प्रत्यय नाहीत तिच्या समाजात उच्चनीचता नसणार. हे खरे नाही. तमिळमध्येही असे प्रत्यय नाहीत, आणि गावाबाहेरची चेरी तिथेही आहेच. मराठी विशेषणालाही स्वतःचा प्रत्यय नाही. म्हणून मराठी मुलखात गावकुसाबाहेर कोणी राहिले नाही असे झाले नाही. व्याकरण विषमता निर्माण करत नाही. विषमता जमीन, पाणी, देऊळ आणि दंडुका ह्यांनी निर्माण होते. व्याकरण फार तर तिला लपायला जागा देते, किंवा देत नाही. मला त्या लपण्याच्या जागेविषयी बोलायचे आहे.

ती जागा मराठीत संस्कृतातून आलेल्या शब्दांनी तयार झाली. संस्कृतात विशेषणाच्या अंगालाच तुलना चिकटते, आणि तीही दोन जोड्यांनी. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायातल्या तिसऱ्या पादात हा व्यवहार मांडला आहे. दोघांतून एकाची निवड असेल तर 'तर' किंवा 'ईयस्', अनेकांतून असेल तर 'तम' किंवा 'इष्ठ'. लघुतर, लघुतम, लघीयस्, लघिष्ठ. काही शब्दांना तर प्रत्यय लागताना मूळ अंगच बदलते. प्रशंसनीय ह्या अर्थाच्या 'प्रशस्य' शब्दाचे 'श्रेयस्' आणि 'श्रेष्ठ' होते. वृद्धाचे 'ज्येष्ठ' होते. अल्पाचे किंवा तरुणाचे 'कनिष्ठ' होते. आधुनिक भाषाशास्त्र 'श्रेष्ठ'चे नाते 'श्री'शी जोडते. श्री म्हणजे तेज, आणि श्री म्हणजे धनदौलतही. ह्याच 'श्रेष्ठ'पासून श्रेष्ठी झाला आणि श्रेष्ठीचा आपला शेठ झाला. शेटजीच्या नावातच तमभाव आहे, हे कर्ज काढणाऱ्याला व्याकरण न शिकताही कळत होते.

अशी अंग बदलणारी रूपे इंग्रजीतही आहेत. 'गुड, बेटर, बेस्ट' आपण शाळेत घोकले. लॅटिनमध्ये 'बोनुस, मेलिओर, ऑप्टिमुस', तिन्ही वेगळी. जोनाथन बोबालिक ह्या अभ्यासकाने २०१२ च्या आपल्या ग्रंथात तीनशेहून अधिक भाषांतली अशी रूपे तपासली. त्याला जे आढळले ते मला फार महत्त्वाचे वाटते. मधले रूप बदलले की शेवटचेही बदलते. 'गुड, बेटर' असे बदलून तिसऱ्या पायरीवर पुन्हा 'गुडेस्ट' असे पहिल्या अंगाकडे परतलेले उदाहरण मिळत नाही. त्याचे म्हणणे असे की 'सर्वांत अधिक' हे रूप 'अधिक'च्या पोटातून जाते, त्याला टाळून उभे राहत नाही. म्हणजे 'श्रेष्ठ' हा कितीही स्वयंभू दिसला तरी त्याच्या खाली 'अमक्यापेक्षा अधिक' ही पायरी आहेच. कोणापेक्षा तरी अधिक झाल्यावाचून कोणी सर्वांत अधिक होत नाही.

त्याच ग्रंथातले दुसरे निरीक्षण असे की 'कमी' सांगणारा प्रत्यय जगातल्या कोणत्याही भाषेत आढळत नाही. 'उंच' ह्या शब्दाला प्रत्यय लावून 'अधिक उंच' करता येते. पण प्रत्यय लावून 'कमी उंच' करता येत नाही. त्यासाठी 'कमी' हा स्वतंत्र शब्द आणावा लागतो, किंवा सरळ 'बुटका' हे दुसरे विशेषण. ह्यामागची कारणे बुद्धीच्या रचनेशी निगडित असतील, त्यात जातीचा हात शोधणे हास्यास्पद होईल. परंतु त्याचा परिणाम आपण भोगला आहे. वरच्याला तुलनेतून पदवी मिळते, खालच्याला वेगळे विशेषण मिळते : नीच, हीन, अधम. एकदा विशेषण मिळाले की तो कोणापेक्षा नीच, हे विचारण्याचे कारण उरत नाही. ती त्याची जात होते. वास्तविक 'उत्तम' म्हणजे मुळात सर्वांत वरचा आणि 'अधम' म्हणजे सर्वांत खालचा, एवढाच जागेचा अर्थ होता. माळ्यावरचे मडके उत्तम, चुलीखालचे अधम. त्यात मडक्याचा गुणदोष नव्हता. उतरंड कोणी रचली, हा प्रश्न मडक्याला विचारता येत नाही; रचणाऱ्याला विचारावा लागतो.

मराठीने हे शब्द घेतले तेव्हा त्यांचे प्रत्यय मेलेले होते. 'उत्तम' मध्ये 'तम' आहे हे आपल्याला जाणवत नाही, म्हणून आपण 'सर्वोत्तम' म्हणतो, त्यानेही भागले नाही की 'अत्युत्तम'. 'श्रेष्ठ'चे 'सर्वश्रेष्ठ' झाले. कचेरीत वरिष्ठ आणि कनिष्ठ लिपिक आहेत. व्याकरणाने पाहिले तर एक सर्वांत वरचा, दुसरा सर्वांत लहान, आणि दोघे एकाच टेबलाच्या दोन बाजूंना चहा पितात. ज्येष्ठ साहित्यिक तर साठी उलटली की कोणीही होतो. मला ह्यात फक्त गणित प्रामाणिक वाटते. लघुतम साधारण विभाज्य काढायला सांगतात तेव्हा आधी संख्या दिलेल्या असतात : बारा आणि अठरा. कोणत्या संख्यांचा, हे न सांगता नुसता लसावि कोणी मागत नाही. वाङ्मयाच्या वर्गात मात्र नुसता 'श्रेष्ठ' मागतात.

म्हणीही ह्याच शब्दांत बोलतात. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी. ज्याने ही म्हण रचली त्याच्याकडे जमीन होती, हे सांगायला संशोधन नको. ज्याला शेतच नाही आणि दुकान टाकले तर ज्याच्या हातचे कोणी घेणार नाही, त्याच्या घरात गिरणीतली किंवा रेल्वेतली नोकरी कोणत्या पायरीवर बसेल?

आता 'तर' ह्या प्रत्ययाचे मूळ पाहू, कारण तिथे मला एक अनपेक्षित गोष्ट सापडली. 'इतर' हा शब्द आपण रोज वापरतो. त्याच्या शेवटी जो 'तर' आहे तो हाच. इंग्रजीतल्या 'अदर'च्या शेवटीही त्याचाच भाऊबंद आहे. भाषांच्या इतिहासाचे अभ्यासक सांगतात की ह्या प्रत्ययाचे जुने काम दोहोंपैकी एकाला वेगळे दाखवणे हे होते : हा, तो नव्हे. उत्तर बाजू, अधर बाजू. त्यात अधिकउणे नव्हते, फक्त वेगळेपण होते. वेगळेपणाचा प्रत्यय पुढे वरचढपणाचा झाला. मी व्याकरणाचा इतिहास सांगतो आहे. पण ज्या समाजात कामाच्या वेगळेपणाचा जन्माचा दर्जा झाला, तिथल्या वाचकाला हे वाचताना दुसरे काही आठवले तर तो त्याचा दोष नाही. शंभर वर्षांपूर्वी 'ब्राह्मणेतर' हा शब्द ज्यांनी निशाणावर लावला त्यांनी त्या 'तर'चा जुना अर्थच जागा केला होता असे मला वाटते. आम्ही वेगळे, एवढेच तो शब्द सांगत होता.

उलट 'तर' आणि 'तम' एकत्र करून 'तारतम्य' हा शब्द झाला. मराठीत तारतम्य म्हणजे शहाणपण, पोच. 'त्याला तारतम्य नाही' हा केवढा ठपका आहे! कोण वरचा, कोण खालचा हे ज्याला ओळखता येते तो शहाणा, असा ह्या शब्दाचा सरळ हिशेब. तेराव्या शतकात उडुपीच्या मध्वाचार्यांनी तर तारतम्याला तत्त्वज्ञानाचे स्थान दिले. त्यांच्या मते जीवाजीवांत मूळचीच प्रतवारी आहे, मोक्षातही ती मिटत नाही, आणि काही जीव कायमचे अंधाराचेच धनी. आमच्या आळीतल्या पोराला 'तुला तारतम्य नाही' असे गावातला माणूस म्हणे तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असे की पोरगा चावडीसमोरून चपला घालून गेला.

आणि तरीही ह्याच मराठीच्या पोटात दुसरे पुरावे आहेत. मोल्सवर्थच्या कोशात बलुत्याची जी नोंद आहे ती प्रत्येकाने एकदा वाचावी. बारा बलुतेदारांच्या तीन कासा तिथे दिल्या आहेत : थोरली, मधली आणि धाकटी. थोरल्या कासेत सुतार, लोहार, महार, मांग. मधलीत कुंभार, चांभार, परीट, न्हावी. धाकटीत भट, मुलाणा, गुरव, कोळी. थोरल्या कासेच्या प्रत्येकाला चार पाचुंदे, म्हणजे कणसांसकट वीस पेंढ्या. महाराला मात्र आठ. मधल्याला तीन, धाकट्याला दोन. मुलूख बदलला की यादी बदलते, पण ही एक यादीच पुरेशी आहे. देवळाच्या पायरीवर जो सर्वांत वरचा, तो खळ्यावर धाकटा! आणि ज्याच्या सावलीचा विटाळ, तो थोरला. त्याच गावात, त्याच माणसांत. फरक पडतो तो माप बदलल्यामुळे. खळ्यावर विचारतात, कोणावाचून शेत अडते? देवळात ते कोणी विचारत नाही.

हे लिहिताना मी बलुत्याचे गोडवे गात नाही. आठ पाचुंदे कागदावर होते. रात्रंदिवसाची वेठ, सांगावे, मढी आणि ढोरे प्रत्यक्षात होती, आणि खळ्यावरून मिळालेले धान्य भीक म्हणून वाढले जाई. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याला दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले ते ह्या वतनाच्या बेडीतून महार सुटावा म्हणूनच. दया पवारांनी १९७८ मध्ये आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले त्यातली कडवट चव ज्याला लागली नाही त्याने ते पुस्तक वाचलेच नाही. माझा मुद्दा मर्यादित आहे. 'थोरला' ह्या शब्दाला कोश वाचणारा लगेच विचारतो, कशात थोरला? आणि कोश उत्तर देतो : पेंढ्यांत. 'श्रेष्ठ'ला हा प्रश्न विचारला तर उत्तर देणारे कोणी नसते.

शाळेतली एक गोष्ट सांगतो. १९५५ चा अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदा होऊन दोनतीन वर्षे झाली होती, पण आमच्या गावच्या शाळेला तो अजून कळला नव्हता. मास्तर 'पेक्षा' शिकवत होते. दोन मुलांना पुढे बोलवायचे, पाठीला पाठ लावून उभे करायचे आणि वर्गाने ओरडायचे : 'गणपत बाळूपेक्षा उंच आहे!' मोठा गंमतीचा तास. असे करता करता सगळ्या वर्गाच्या जोड्या झाल्या. आम्ही तिघे दाराशी बसलेले. आमच्या पाठीला पाठ कोण लावणार? मास्तर वाईट नव्हते. त्यांनाही ते अवघड वाटले असावे. त्यांनी मला भिंतीशी उभे केले, डोक्यावर खडूने रेघ ओढली आणि म्हणाले, 'हा एवढा.' वर्ग काही ओरडला नाही. ओरडायला वाक्यच नव्हते. भिंतीपेक्षा मी उंच नव्हतो, आणि दुसरे कोणी शेजारी नव्हते.

पुढे पुष्कळ वर्षांनी कळले की मराठी 'सर्वांत' ह्या शब्दातला शेवटचा 'त' ह्या प्रसंगाचे मर्म सांगतो. 'पेक्षा'ने तुलना करताना आपण त्या दुसऱ्याच्या बाहेर असतो, म्हणूनच 'वर्गातल्या सर्व मुलांपेक्षा गणपत उंच' हे वाक्य चुकीचे आणि 'इतर सर्व मुलांपेक्षा' हे बरोबर. नाहीतर गणपत स्वतःपेक्षा उंच व्हायचा. पण 'सर्वांत उंच' म्हणताना गणपत त्या सर्वांच्या आत असावा लागतो. हा 'त' सप्तमीचा आहे, घरात, गावात, विहिरीत ह्यांतला. लहानात लहान, मोठ्यात मोठा, कमीत कमी, सगळीकडे हाच 'त'. ज्याला आत घेतलेलेच नाही त्याला सर्वांत काहीच होता येत नाही. सर्वांत हुशारही नाही आणि सर्वांत मठ्ठही नाही.

दलित साहित्याचा प्रस्थापित समीक्षेशी जो झगडा झाला तो माझ्या मते ह्या 'त'वरचा होता. महात्मा फुल्यांनी १८८५ मध्ये ग्रंथकार सभेचे निमंत्रण नाकारले तेव्हा त्यांनी हेच विचारले होते की तुमच्या सर्वांत आम्ही कुठे आहोत. १९५८ मध्ये मुंबईला पहिले दलित साहित्य संमेलन भरले, १९६३ मध्ये बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' आला, १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. त्यांच्याविषयी जे लिहिले गेले ते जुनी नियतकालिके चाळून पाहावे. कौतुक पुष्कळ आहे. 'दाहक', 'जळजळीत', 'प्रत्ययकारी' ह्या विशेषणांची खैरात आहे. त्यांत तुलना मात्र क्वचित. ढसाळांची अमकी कविता मर्ढेकरांच्या तमक्या कवितेपेक्षा शहराच्या चित्रणात कुठे पुढे जाते आणि कुठे मागे पडते, असे पाठीला पाठ लावून मोजणारे लेख फार थोडे. बाकीच्यांनी भिंतीवर खडूची रेघ ओढली आणि म्हटले, 'हा एवढा.' तुलनेत हरणे मी समजू शकतो. तुलनेला न घेता 'श्रेष्ठतेच्या पातळीवर जात नाही' असे ठरवणे ही निराळी गोष्ट आहे. तो निकाल आहे, पण त्यात दुसरा पक्षच हजर नाही.

तुलना कशी करावी ह्याचा एक नमुना आपल्या घरातच आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात बाबासाहेबांनी रानड्यांवर व्याख्यान दिले; पुढे ते रानडे, गांधी आणि जिना ह्या नावाने पुस्तकरूपाने आले. विषय होता रानडे थोर होते का. बाबासाहेबांनी सुरुवातीलाच 'थोर' म्हणून मोकळे होण्याचे टाळले. थोर कशाला म्हणावे, ह्याचीच त्यांनी आधी चौकशी केली. सेनापती घेतले, कार्लाइलचा प्रामाणिकपणाचा निकष घेतला, बुद्धीचा घेतला, आणि नुसता असामान्य माणूस व थोर माणूस ह्यांत समाजहेतूचे अंतर आहे असे दाखवले. मग त्या मापाने रानड्यांना मोजले. मग गांधी आणि जिना ह्यांना नावे घेऊन शेजारी उभे केले. वाचणाऱ्याला निष्कर्ष पटो न पटो, कोण, कोणापेक्षा आणि कशात, ही तिन्ही उत्तरे त्याच्या हाती पडतात. मराठी समीक्षेने हे व्याख्यान राजकारणाच्या कपाटात ठेवले. ते समीक्षेच्या वर्गात लावायला हवे होते.

इथे थांबलो तर मी आपल्या माणसांना फार सोयीचे बोललो असे होईल. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत श्रेणीबद्ध विषमतेचा उल्लेख केला, तेव्हा ते एका शिडीबद्दल बोलत होते, आणि तिच्या प्रत्येक पायरीवर 'पेक्षा' लिहिलेले असते. आमच्या आळीला शेजारच्या आळीपेक्षा वरची असल्याचा केवढा अभिमान होता! पाणी आम्हालाही वरूनच ओततात हे ठाऊक असून आमची म्हातारी माणसे पलीकडच्यांना वरूनच ओतायची. फुल्यांनी 'शूद्र' आणि 'अतिशूद्र' ह्यांचा 'शूद्रातिशूद्र' असा समास केला. 'अति' हा पुढे जाण्याचा, ओलांडण्याचा उपसर्ग. पाणिनीच्या शास्त्रात तुलनेला 'अतिशायन'च म्हणतात. फुल्यांनी ती खालची पायरी वरच्या पायरीशी द्वंद्वात जोडून टाकली. आपण तो समास पुन्हा फोडत आलो आहोत. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने अनुसूचित जातींत उपवर्गीकरण करण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. त्यावर आपल्या सभांत जे बोलले गेले त्यात दोन्ही बाजूंनी 'आम्ही अधिक' एवढेच ऐकू येत होते : कोणी अधिक मागे, कोणी अधिक पुढे. शाळेची पटसंख्या, नोकऱ्यांची मोजणी, जमिनीचा उतारा घेऊन 'अमक्या बाबतीत अमक्यांपेक्षा' असे वाक्य पुरे करणारा वक्ता मला एकदोनदाच भेटला. पलीकडच्या आळीने हे वाक्य पुरे करून मागितले तर ते ऐकणे आपले काम आहे, मग त्यात आपली पेंढी कमी का होईना.

आणि आपल्या पुस्तकांच्या मलपृष्ठांवरही आता 'सर्वश्रेष्ठ दलित कवी', 'सर्वोत्कृष्ट आत्मकथन' छापले जाऊ लागले आहे. ज्या शब्दाने आपल्याला दाराशी बसवले तोच आपण उचलला. दुसऱ्या आवृत्तीत तरी प्रकाशकाने तो काढावा.

तुलनेचा एक शब्द मात्र आपल्याकडे असा आला की त्याने कोणाला खाली बसवले नाही. फारशीत 'बेह' म्हणजे चांगला आणि 'बेहतर' म्हणजे अधिक चांगला. हा 'तर' आणि संस्कृताचा 'तर' एकाच घराण्यातले. एक पोथीतून मराठीत आला, दुसरा दरबारातून आणि लष्करातून. हिंदीत 'बेहतर' अजून तुलनाच करतो. मराठीत त्याचा 'बेहत्तर' झाला आणि अर्थ वळला : होईल ते होवो, पर्वा नाही. तरी त्याच्या वाक्यात तुलना शाबूत आहे, आणि दुसरी बाजू लपलेली नाही. माझे आजोबा सही करायला शिकले नव्हते. आमच्या गावाने मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडले त्या वर्षी पाटलाने बलुते बंद करण्याची धमकी दिली. तेव्हा चावडीपुढे आजोबा काय बोलले हे आजी आम्हाला पुष्कळदा सांगायची, त्यांच्याच शब्दांत : 'उपाशी मेलो तरी बेहत्तर, पण ढोराला हात लावणार न्हाई.'